कुरकुरीतपणाची मोजपट्टी

२०१८ साली ब्रिटनमधील ‘मास्टरशेफ’ या दूरचित्रवाणीवरील पाकस्पर्धेत मूळच्या मलेशियाच्या झालेहा कादिर ओल्पिन यांनी ‘रेंडांग’ म्हणजे नारळाच्या दुधात मसाल्यासह शिजवलेली कोंबडी केली. परीक्षक ग्रेग वॉलेस म्हणाले, कातडी कुरकुरीत नाही. झालेहा स्पर्धेबाहेर गेल्या आणि मलेशिया-इंडोनेशियातील प्रेक्षक संतापले.

संताप रास्त होता. पण नुसत्या संतापाने काही सिद्ध होत नाही. कारण सांगता आले पाहिजे, आणि ते भौतिकीत आहे. उघड्या पातेल्यात पाणी उकळू लागले की त्याचे तापमान वाढत नाही. समुद्रकाठी ते १०० अंश सेल्सिअस असते. आमच्या खराडीत, उंचीमुळे, सुमारे ९८. पदार्थ खमंग, कुरकुरीत व्हायचा तर पृष्ठभागावरचे पाणी उडून तापमान १४० अंशांच्या आसपास चढावे लागते. रेंडांगचा रस शेवटी आटतो हे खरे; पण तोवर रसात मुरलेली कातडी मऊच राहते. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यातील कोंबडी कुरकुरीत का नाही, असे आपण विचारतो का?

‘कोंबडी नीट शिजली नव्हती, असे मला म्हणायचे होते,’ असा खुलासा वॉलेस यांनी पुढे केला. मग तसेच म्हणायचे! शिजणे वेगळे, कुरकुरीत होणे वेगळे. प्रयोगवहीत असो वा ताटावर, वस्तू कशी घडते हे आधी पाहावे. मोजपट्टी मग उचलावी.