खाणावळीतील पंच आणि सहृदयाची मिरास

‘प्रेक्षकांचे मत’ हा शब्दप्रयोग मराठी समीक्षेत बहुधा हेटाळणीच्या सुरात योजिला जातो. प्रेक्षकाला मत नसते, आवड असते. मत असते ते समीक्षकाला, अशी एक अलिखित विभागणी येथे रूढ आहे. अभिजात म्हणून मान्यता पावलेल्या परभाषिक चित्रपटाचा प्रश्न आला की ही विभागणी अधिकच कडक होते. असा चित्रपट पाहून एखादा विद्यार्थी ‘हे पटले नाही’ असे म्हणाला, तर त्याचे म्हणणे खोडून काढले जात नाही. त्याला चित्रपट कसा पाहावा हे शिकविले जाते. ज्याँ रेन्वार यांच्या ‘ल क्रीम द मस्यू लांज’ (१९३६) या चित्रपटाच्या बाबतीत ही रीत विशेष अन्यायकारक ठरते, कारण सामान्य माणसाचे मत हाच या चित्रपटाचा विषय आहे.

कथानक थोडक्यात असे. पॅरिसमधील एका अंगणाभोवती छापखाना, धुलाईघर आणि काही बिऱ्हाडे आहेत. छापखान्याचा मालक बाताला कर्जबुडव्या, गोडबोल्या आणि स्त्रीलंपट. त्याच्या पदरी काम करणारा लांज फावल्या वेळात ‘ॲरिझोना जिम’ या नायकाच्या साहसकथा लिहितो. देणेकऱ्यांना चुकवून पळालेला बाताला रेल्वे अपघातात मेला असे सर्व जण समजतात. कामगार सहकारी संस्था स्थापन करून छापखाना चालवितात; लांजच्या कथा खपू लागतात; मालकाच्या जाहिरातफलकाने झाकलेली आजारी शार्लची खिडकी मोकळी होते. मग एके रात्री, संस्थेचा आनंदसोहळा चालू असताना, अपघातात मेलेल्या पाद्र्याचा वेष पांघरून बाताला परततो आणि सारे पुन्हा आपल्या ताब्यात मागतो. लांज त्याला गोळी घालतो.

या चित्रपटावर प्रेक्षकांकडून येणारे अभिप्राय स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला: खुनाचे समर्थन कसे करावे? दुसरा: सहकार इतका सोपा कसा? मालक गेला आणि दुसऱ्या दिवसापासून सुख आले, हे भाबडेपण नव्हे काय? तिसरा: हा प्रचार आहे. या तिन्हींना अभ्यासवर्गांत मिळणारे उत्तर ठरलेले आहे. हे प्रश्न आशयाचे म्हणून गौण. कॅमेरा कसा फिरतो ते पाहा. आंद्रे बाझँ यांनी आपल्या विवेचनात ज्या सुप्रसिद्ध कॅमेराचलनाचा विचार केला, ते येथे पुढे केले जाते. खुनापूर्वी कॅमेरा लांजला सोडून विरुद्ध दिशेने सबंध अंगणावरून फिरतो आणि पुन्हा लांज व बाताला यांच्यापाशी येऊन थांबतो. घाटाची ही किमया दिसली की प्रश्न विचारणाऱ्याने खाली बसावे, अशी अपेक्षा असते.

या उत्तरात प्रश्नाची बगल आहे, आणि ती रेन्वार यांच्या नावावर खपविली जाते. चित्रपटाची सुरुवात कोठे होते? पॅरिसमध्ये नव्हे, बेल्जियमच्या सरहद्दीजवळील एका खाणावळीत. फरारी लांज व त्याची सखी व्हॅलेन्तीन तेथे उतरतात. खाणावळीतील गिऱ्हाईके त्याला ओळखतात. पोलिसांना कळवावे की नाही, यावर त्यांच्यात वाद सुरू होतो. तेव्हा व्हॅलेन्तीन त्यांना सारी हकीकत सांगते आणि निर्णय त्यांच्यावर सोपविते. अंगण, छापखाना, खून हे सारे आपण पाहतो ते या साक्षीच्या रूपाने. साक्ष संपते, खाणावळीतील माणसे लांजला जाऊ देतात आणि ती दोघे वाळूवरून सरहद्दीकडे निघून जातात.

म्हणजे ज्यांना आपण ‘असंस्कारित प्रेक्षक’ म्हणतो, त्यांना या चित्रपटाने कथेच्या आतच पंच म्हणून बसविले आहे. खुनाचे समर्थन कसे करावे, असे विचारणारा विद्यार्थी चित्रपटाबाहेर भरकटलेला नाही. खाणावळीत एक बाक रिकामा ठेवलेला आहे आणि तो त्यावर जाऊन बसला आहे. त्याचा निवाडा तेथील गिऱ्हाइकांपेक्षा निराळा असू शकेल. पण तो तेच काम करीत आहे. निवाड्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे सांगणारा रूपवादी मात्र खाणावळीतून उठून गेलेला असतो.

कॅमेराचलनाचीही हीच गत आहे. कॅमेरा अंगणावरून फिरतो याचे महत्त्व केवळ भौमितिक नाही. गोळी सुटण्यापूर्वी ज्यांच्या जीवनावर मालकाचे परतणे कोसळणार आहे, त्यांच्या राहत्या जागेची तो प्रदक्षिणा करतो. हात एकाचा असला तरी कृत्य अंगणाचे आहे काय, असा प्रश्न ते चलन उभा करते. घाट येथे निवाड्यासाठी पुरावा मांडतो. त्याच्या नावाने निवाडा स्थगित करणे हे घाटाचेही आकलन नव्हे.

प्रचाराच्या आक्षेपाला तुलनेने उत्तर देता येते. पटकथा-संवादांत ज्यांचा मोठा वाटा आहे ते कवी झाक प्रेव्हेर ‘ऑक्टोबर’ या डाव्या नाट्यपथकाशी निगडित होते. लाल बावटा कलापथकाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हे नाते समजावून सांगावे लागू नये. त्याच १९३६ साली रेन्वार यांच्या देखरेखीखाली फ्रेंच कम्युनिस्ट पक्षासाठी ‘ला व्ही एत अ नू’ हा निवडणूकपट तयार झाला. तो मत मागतो आणि कोणते मत द्यावे तेही सांगतो. ‘लांज’ मत मागतो आणि थांबतो.

आता हा बाक कंधारला नेऊन ठेवावा. समाजवाद हा शब्द जेथे ग्रंथातून आला नाही, अशा गावांपैकी हे एक आहे. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने मार्क्सवाद स्वीकारलेल्या शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे यांना या मतदारसंघाने अनेकदा विधानसभेत पाठविले आणि १९७७ साली नांदेडने लोकसभेतही पाठविले. मन्याडच्या खोऱ्यातील मोर्चे, सत्याग्रह आणि सभा यांतून कूळ, कर्ज, मालक, मजूर हे शब्द दोन पिढ्यांनी कमावले. या गावातील विद्यार्थी ‘मालक गेला म्हणजे मालकी जाते काय?’ असे विचारील, तेव्हा त्याला फ्रेंच जनआघाडीचा इतिहास ठाऊक नसेल. पण प्रश्न नेमका कोठे बोचतो हे त्याला ठाऊक आहे.

कारण तो सहकाराच्या प्रदेशात राहतो. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याने गळीत सुरू केले तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यापुढील स्वप्न रेन्वारच्या अंगणाहून फार निराळे नव्हते. पुढे मराठवाड्यापर्यंत कारखाने उभे राहिले. त्यांतील अनेक अवसायनात निघाले, काही विकले गेले, काही भाड्याने दिले गेले. सभासद कागदावर मालक राहिला आणि उसाच्या थकीत बिलासाठी खेटे घालू लागला. हे पाहिलेला प्रेक्षक दुसरा आक्षेप घेतो, तेव्हा तो चित्रपटाला भाबडे म्हणून फेटाळत नाही. त्याची उरलेली अर्धी कथा सांगत असतो. त्याच्या अनुभवात बाताला पाद्र्याच्या वेषात येत नाही. तो सर्वसाधारण सभेत, हार घालून, एकमताने निवडून येतो.

ही उरलेली कथा मराठी चित्रपटाने सांगितलेली आहे. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘सामना’ १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तेथेही सहकार आहे आणि खूनही. परंतु मेलेला मालक नाही. मारुती कांबळे हा प्रश्न विचारणारा माणूस मेला आहे, आणि साखरसम्राट हिंदूराव जिवंत आहे. ‘लांज’मध्ये हकीकत सांगितली जाते आणि माणसे निवाडा करतात, ‘सामना’मध्ये हकीकत ठाऊक असलेले गाव गप्प आहे आणि बाहेरून आलेल्या एका मास्तराला प्रश्न लावून धरावा लागतो. हे दोन चित्रपट एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय मराठी समीक्षेला ‘लांज’विषयी फारसे काही सांगता येणार नाही. ते शेजारी ठेवण्याची बुद्धी मात्र प्रेक्षकाला आधी होते.

यावर आक्षेप येईल की, मग कोणतेही मत ग्राह्य मानावयाचे काय? नाही. खाणावळीतील निवाडा ग्राह्य ठरतो तो हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतल्यामुळे. न ऐकता दिलेले मत झुंडीचे असते. आणि ऐकणाऱ्याने सांगणारीकडेही पाहिले पाहिजे: व्हॅलेन्तीन तटस्थ साक्षीदार नाही, ती लांजवर प्रेम करते आणि कधीकाळी बातालाशीही तिचा संबंध होता. बातालाच्या अत्याचारातून एस्तेलला झालेले मूल दगावते, तेव्हा अंगणात हसू उमटते. संस्थेचे सुख येथे एका स्त्रीच्या दुःखाला किती जागा देते? एखादी विद्यार्थिनी हे विचारते तेव्हा ती चित्रपटाच्या समाजवादाची परीक्षा घेत असते, आणि तिला मिळणारे ‘त्या काळाच्या संदर्भात पाहा’ हे उत्तर पुरेसे नाही. त्या काळातही एस्तेल होतीच.

मूळ दोष सहृदयाच्या आपल्या कल्पनेत शिरलेला आहे. काव्यशास्त्राने सहृदयाला तन्मय होण्याची योग्यता दिली. तन्मयतेनंतर निवाडा करू नये, असे बंधन घातले नाही. ते बंधन आधुनिक सौंदर्यवादाने घातले आणि सहृदयतेची मिरास पदवीधरांच्या नावे केली. याच जिल्ह्यात नरहर कुरुंदकरांनी नाट्यशास्त्राचा आणि समाजवादाचा विचार सारख्याच आस्थेने केला आणि तो सभांतून सामान्य श्रोत्यांपुढे मांडला. त्या श्रोत्यांना समजणार नाही, या भीतीने त्यांनी विषय सोपा केला नाही आणि त्यांचे प्रश्न अडाणी म्हणून परतही केले नाहीत.

‘लांज’ शिकविणाऱ्याने एवढे करावे: चित्रपट संपल्यावर प्रथम कॅमेऱ्याविषयी न बोलता विचारावे, याला जाऊ द्यावे की धरून द्यावे? उत्तरे ऐकावीत, त्यांची कारणे मागावीत, आणि मग कॅमेऱ्याकडे वळावे. ज्या वर्गात हा प्रश्न विचारला जात नाही, तेथे जाहिरातफलक अद्याप शार्लच्या खिडकीवरच आहे.