यवनांचे देव आणि आमचे सोवळे

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, भिक्षुकशाहीचे एक जुने पालुपद आहे. धर्म म्हणजे म्हणे सोवळ्यातले ताट. परक्याची सावली पडली की बाटले! यावर आम्ही आज ग्रीकांची, म्हणजे आपले पूर्वज ज्यांस यवन म्हणत त्यांची हकीकत सांगतो.

एवढे विद्यासंपन्न हे लोक. त्यांनी आपले देव कोंडून ठेविले काय? इसवी सनापूर्वी ३३३ साली अथेन्सच्या लोकसभेने सायप्रस बेटावरील कितियनच्या व्यापाऱ्यांस आपल्या देवीच्या देवळाकरिता जमीन घेण्याची परवानगी दिली. मिसरी लोकांच्या इसिस देवीचे देऊळ तेथे आधीच होते. पुढे मिसर देशावर टॉलेमी हा ग्रीक राजा आला. तेव्हा मेम्फिसच्या ओसिरिस व आपिस बैल या दैवतांतून सरापिस देव पुढे आला. मूळ मिसरी, दाढी व चेहरा ग्रीकांच्या झ्यूससारखा आणि डोक्यावर धान्याचे माप! यात राजाचा डाव होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु खलाशांनी व व्यापाऱ्यांनी इसिस-सरापिस बंदरोबंदरी नेले, ते काही राजाच्या धाकाने नव्हे.

ग्रीक लोक संत नव्हते. ते गुलाम बाळगीत. सॉक्रेटिसास नवी दैवते आणल्याचा आरोप ठेवून त्यांनी इ. स. पूर्वी ३९९ साली विष पाजले. तरी एल्यूसिसच्या गुप्त दीक्षेत गुलामासही प्रवेश असे. अट काय? ग्रीक भाषा कळावी आणि हात खुनाने माखलेले नसावेत. विटाळ खुनाचा, जन्माचा नव्हे!

आता इकडे या. विदिशेजवळ बेसनगरास तक्षशिलेचा यवन वकील हेलिओदोर याने वासुदेवाचा गरुडस्तंभ उभारला व त्यावर स्वतःस भागवत म्हणविले. त्या लेखात शुद्धीचा वा प्रायश्चित्ताचा एक शब्द नाही. कार्ल्याच्या चैत्याचे कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले, असे त्या खांबांवरच कोरलेले आहे. नाशकाच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त या यवनाने आईबापांच्या पुण्यार्थ लेणे व पाण्याची टाकी खोदविली.

आणि त्याच नाशकात १९३० साली काय झाले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपलीच माणसे काळारामाच्या दाराशी गेली आणि दार बंद झाले! परदेशच्या यवनाचे दान डोंगराने पोटात घेतले; येथल्या मातीत राबणाऱ्यास मात्र उंबरठा मिळेना. कोणी म्हणेल, ते लेणे बौद्धांचे होते. होय, पण बेसनगरचा स्तंभ तर वासुदेवाचाच ना?

राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता रद्द केली. कायदा झाला, मनातले सोवळे गेले काय? पाथरवट दगडातून देव काढतो, तेव्हा त्याच्या हाताचा विटाळ नसतो. सुतार पालखी घडवितो, तेव्हा नसतो. कुणबी नैवेद्याचे धान्य पिकवितो, तेव्हाही नसतो. मग गाभाऱ्याशी येताच तो कोठून उपजतो? देवापासून नव्हे, दक्षिणेपासून!

आमचे सांगणे एवढेच. पुढच्या सुटीत मुलाबाळांस कार्ले वा पांडवलेणे दाखवा आणि तेथल्या यवन दात्यांची गोष्ट सांगा. मग गावच्या जत्रेत कोणी "शिवू नको" म्हटले, तर ती पोरेच विचारतील, "यवनास चालले, तर आमच्या बापास का नाही?" या प्रश्नास उत्तर द्यावे लागेल.