डोक्यांतील एकत्र कुटुंब

कृष्णा व कोयना या दोन नद्या कऱ्हाडास समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकच नांव धारण करून पूर्वेकडे वळतात. प्रीतिसंगमाच्या घाटावर ज्या वाचकांनीं एखादी संध्याकाळ घालविली असेल त्यांस हें दृश्य नव्यानें सांगावयास नको. या घाटापासून फार दूर नाहीं अशा आमच्या आप्तांच्या वाड्यांत गेल्या वर्षीं एक प्रसंग घडला, आणि ज्या अवयवाची आठवण आम्ही आजवर केवळ बोलण्याच्या ओघांत काढीत होतों त्याची नीट ओळख करून घेणें आम्हांस भाग पडलें. डोकें फिरलें, डोकें ठिकाणावर नाहीं, डोक्यांत राख घातली, असें आपण दिवसांतून दहा वेळां म्हणतों. पण त्या डोक्यांत आहे तरी काय, असें कोणीं विचारलें तर सुशिक्षित माणसेंहि कपाळाकडे बोट दाखवून थांबतात. म्हणून या महिन्याचें सदर मेंदूस वाहिलें आहे.

प्रथम तो प्रसंग सांगतों. वाड्यांतील वडील मंडळींत आमचे चुलते सर्वांत थोर. सारें घर त्यांस अण्णा म्हणतें. वय 78, पण स्नान, संध्या, वर्तमानपत्र आणि नातवंडांची उजळणी यांत एका दिवसाचा खंड नाहीं. त्या दिवशीं सकाळीं सात वाजतां ते संध्येस बसले असतां उजव्या हातांतील पळी गळून पडली. ती उचलावयास गेले तों हात उठेना. धाकट्या सूनबाई धांवत आल्या, 'अण्णा, काय होतें आहे?' म्हणून विचारूं लागल्या. अण्णांचें तोंड एका बाजूस ओढलें गेलें होतें, आणि उत्तरादाखल निघाला तो 'तर, तर' एवढाच शब्द.

यापुढील कांहीं तास आमच्या घराण्यास भूषणावह नाहींत. कोणीं पित्त म्हणालें, कोणीं दृष्ट काढली, कोणीं नाकाशीं कांदा धरला. एका काकूंनीं मायेनें साखरपाणी तोंडांत घातलें, तों अण्णांस असा ठसका लागला कीं सारे घाबरले. आम्ही त्या दिवशीं तेथेंच मुक्कामास होतों, आणि 'जरा पडूं द्या, बरें वाटेल,' असें म्हणणारे आम्हीच होतों, हें येथें कबूल केलेलें बरें. गाडी वाड्याच्या दारांतून निघाली तेव्हां साडेअकरा वाजून गेले होते. रुग्णालयांत डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो रोगाविषयीं नव्हता, वेळेविषयीं होता: 'हे शेवटचे व्यवस्थित केव्हां होते?' 'सात वाजतां,' असें आम्हीं सांगतांच त्यांनीं घड्याळाकडे पाहिलें, आणि ते क्षणभर कांहीं बोलले नाहींत. त्या मौनाचा अर्थ आम्हांस पुढें समजला.

तो समजावून देणारी अण्णांचीच नात. 1984 सालीं कऱ्हाडाजवळ मलकापुरास वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हांपासून गांवच्या मुलामुलींस हें शास्त्र घरीं राहून शिकतां येऊं लागलें आहे. ही मुलगी वैद्यकाच्या पहिल्या वर्षास आहे. एका रात्रीं तिनें माजघरांत सर्वांसमक्ष एक अक्रोड फोडला आणि आंतला मगज तळहातावर ठेविला. आपल्या भाषेंत फळाच्या गराला आणि डोक्यांतील मेंदूला मगज हा एकच शब्द आहे, तो उगाच नव्हे. तशाच दोन बाजू, तशाच वळ्या.

प्रौढ माणसाच्या मेंदूचें वजन सुमारें 1300 ते 1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढें. पण विश्रांतीच्या वेळीं शरीर जेवढा प्राणवायु खर्च करतें त्याचा जवळजवळ पांचवा हिस्सा हा एकटा घेतो. त्याच्या रक्षणाची व्यवस्था मोठी चोख आहे. बाहेर कवटीची भिंत. आंत तीन आवरणें. पहिलें जाड व चिवट, दुसरें कोळ्याच्या जाळ्यासारखें, आणि तिसरें इतकें तलम कीं तें प्रत्येक घडींत उतरून मेंदूस चिकटून बसतें. दुसऱ्या व तिसऱ्या आवरणांमध्यें पाण्यासारखा निर्मळ द्रव खेळतो. मेंदूच्या आंतील पोकळ्या व पाठीचा कणा धरून तो सारा सुमारें 150 मिलिलिटर असतो आणि दिवसांतून तीनचार वेळां नवा होतो. मेंदू या द्रवांत जवळजवळ तरंगत असतो, म्हणूनच चालतांना व धांवतांना त्यास हिसका बसत नाहीं.

आंतील संसाराचे मुख्य भाग तीन. पहिला मस्तिष्कस्तंभ. हा पाठीच्या कण्यांतून येणाऱ्या मज्जारज्जूस वरच्या मेंदूशीं जोडतो. सारें घर निजलें तरी ज्या खांबावर घराचा भार असतो तो निजत नाहीं, त्याप्रमाणें श्वास, हृदयाचे ठोके व गिळणें यांची देखरेख हा अहोरात्र करतो. दुसरा लहान मेंदू. हा मानेच्या वर, मागच्या बाजूस. शरीराचा तोल आणि हालचालींची सफाई याच्याकडे. पोळी गोल लाटली जाते किंवा तबल्यावर बोट नेमक्या मात्रेस पडतें तें याच्या कृपेनें. माणसाच्या मेंदूंत सुमारें 8,600 कोटी चेतापेशी आहेत असें अलीकडील गणनेवरून दिसतें, आणि त्यांतील बहुसंख्य या लहान मेंदूंतच दाटीनें राहतात. थोरल्याचा वाडा मोठा, पण माणसें धाकट्याकडे अधिक, असा हा मामला आहे.

तिसरा मोठा मेंदू. याचे उजवा व डावा असे दोन अर्धगोल असून सुमारें वीस कोटी तंतूंच्या जाड पुलानें ते एकमेकांस जोडलेले आहेत. पृष्ठभागावरील करड्या रंगाचा थर जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड. पण आपण ज्यास बुद्धि म्हणतों तिचें बहुतेक काम याच थरांत चालतें. प्रत्येक अर्धगोलाचे ठळक भाग चार. कपाळामागचा भाग विचार, निर्णय व संयम पाहतो, आणि त्याच्या मागच्या कडेवरून हातपायांस हालण्याच्या आज्ञा सुटतात. टाळूखालच्या भागास स्पर्श कळतो. कानशिलामागचा भाग ऐकतो व स्मरण ठेवण्यास साहाय्य करतो. आणि अगदीं मागचा भाग पाहतो. डोळे पुढें आणि पाहणें मागें, ही सृष्टीची एक गंमतच आहे. मात्र एकत्र कुटुंबांत कामें वांटलेलीं असलीं तरी एकाच्या आजारपणानें सर्वांची घडी विस्कटते. तसेंच येथेंहि आहे. कोणताहि भाग एकट्याच्या बळावर कांहीं करीत नाहीं.

आतां अण्णांच्या हाताकडे वळूं. मोठ्या मेंदूंतून निघालेले आज्ञावाहक तंतु मस्तिष्कस्तंभाच्या तळाशीं, जेथें मज्जारज्जूस आरंभ होतो तेथें, बहुतांशीं बाजू बदलतात. कऱ्हाडच्या नद्या भेटून एक होतात. हे प्रवाह मात्र एकमेकांस ओलांडून पलीकडच्या तीरास जातात. म्हणून उजवा हात लुळा पडला तर बिघाड डाव्या अर्धगोलांत असावा असें वैद्यास प्रथमदर्शनींच वाटतें. आणि बहुतेक माणसांत वाणीचीं केंद्रेंहि डाव्याच बाजूस असतात. पळी गळून पडणें आणि शब्द हरपणें, या दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या त्याचें कारण हें.

या शेतास पाणी कोठून येतें? मानेंतून चार धमन्या वर चढतात, दोन पुढून व दोन मागून. आणि मेंदूच्या तळाशीं त्या एका कड्यांत मिळतात. टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें 1664 सालीं या कड्याचें वर्णन केलें, म्हणून तें त्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. कड्यापुढें मात्र प्रत्येक फांदीचें शेत बहुधा ठरलेलें. आमच्याकडील उसाच्या मळ्यांत पाटाचें एक दार बुजलें कीं तेवढाच वाफा सुकतो. तसें एका फांदींत रक्ताची गुठळी अडकली कीं तेवढाच भाग उपाशी पडतो. एक मोठी फांदी बंद झाली असतां दर मिनिटास सुमारें 19 लाख चेतापेशी मरतात असा हिशेब आहे. आमच्या 'जरा पडूं द्या' या सल्ल्याची किंमत यावरून वाचकांनींच करावी.

वाणीचें स्थान कळलें त्याची कथाहि ऐकण्याजोगी आहे. 1861 सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका नामक शस्त्रवैद्याकडे एक रोगी आला. तो कित्येक वर्षें 'तां' एवढाच उच्चार करूं शके; पण इतरांचें बोलणें त्यास पुष्कळसें समजत असे. थोड्याच दिवसांत तो वारला. त्याचा मेंदू पाहतां डाव्या अर्धगोलाच्या कपाळामागील भागांत, खालच्या बाजूस, नाश झालेला आढळला. पुढें 1874 सालीं कार्ल वेर्निके या जर्मन वैद्यानें दाखविलें कीं कानशिलामागील भागाच्या मागच्या बाजूस इजा झाल्यास माणूस भराभर बोलतो, पण बोलण्यास अर्थ राहत नाहीं, आणि दुसऱ्याचें बोलणेंहि त्यास उमगत नाहीं. बोलणें आणि समजणें या दोन निराळ्या खोल्या आहेत, हें यावरून स्पष्ट झालें.

आपल्या प्राचीनांनींहि या गोष्टींचा विचार केला होता. चरक व सुश्रुत यांनीं चेतनेचें स्थान हृदय मानिलें. भेलसंहितेंत मात्र मन हें डोकें व टाळू यांच्यामध्यें असल्याचें सांगितलें आहे. शरीराची प्रत्यक्ष ओळख कशी करून घ्यावी, याचा मार्ग सुश्रुतानें लिहून ठेविला आहे. प्रेत गवतानें वेष्टून, पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावें, आणि मग कुंचल्यानें एकेक थर हळूहळू दूर करून पाहावा. डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मानूं नये, ही शिकवण त्यांत आहे. आणि आमच्या वाड्यांत उणीव होती ती तिचीच.

कारण यापुढें आमच्या हातून दुसरी चूक झाली. अण्णा घरीं आले, पण शब्द एकच, 'तर, तर'. बुद्धि गेली असें गृहीत धरून मंडळी त्यांच्या उशाशीं बसून वाड्याच्या वाटणीचीं बोलणीं करूं लागली. थोरली खोली कोणाची, देवघर कोणाकडे, सारें मोकळेपणीं. एके दिवशीं नात आम्हांस बाजूस घेऊन म्हणाली, 'काका, आजोबांचे डोळे पाहिलेत का? त्यांस सारें समजतें आहे. बुद्धि गेलेली नाहीं, शब्दांची वाट तेवढी बुजली आहे.' तिनें मुद्दाम वर्तमानपत्रांतील तारीख चुकीची वाचून दाखविली. अण्णांनीं डावा हात हालवून ती नाकारली. बरोबर तारीख वाचतांच मान डोलविली. आमची मान मात्र खालीं गेली.

त्याच संध्याकाळीं दुसरें नवल घडलें. मुलें दिव्यापुढें रामरक्षा म्हणत होतीं. ज्यांस पाणी मागतां येत नव्हतें त्या अण्णांचा आवाज त्यांत मिसळला, आणि चरणच्या चरण स्पष्ट उमटले. सूनबाई तेथेंच रडूं लागल्या. नातीनें सांगितलें कीं हा चमत्कार नव्हे. जन्मभर पाठ असलेलें व सुरांत म्हटलेलें पुष्कळदां अशा रोग्यांत शाबूत राहतें, कारण त्याचा भार केवळ डाव्या बाजूच्या वाणीकेंद्रावर नसतो. वाचोपचार करणाऱ्या बाईंनींहि मग याच सुरांचा धागा धरून एकेक शब्द परत आणण्याचा उद्योग आरंभिला.

वाचकांनीं या सदरांतून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली वेळेची. घरांत कोणाचें तोंड अकस्मात् वांकडें झालें, दोन्ही हात उचलावयास सांगितले असतां एक खालीं पडला, किंवा साधें वाक्य उच्चारतां येईना, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडांत पाणी, साखर किंवा गोळी कांहींहि घालूं नये; गिळण्याची शक्ति गेलेली असूं शकते. ॲस्पिरिनहि नको, कारण शीर तुंबली आहे कीं फुटली आहे हें डोक्याच्या सी. टी. स्कॅनवांचून कळत नाहीं. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. निवडक रोग्यांची मोठी गुठळी धमनींत नळी घालून 24 तासांपर्यंतहि काढतां येते. पण जितका उशीर, तितका लाभ कमी. आणि हा प्रसंगच येऊं नये म्हणून घरांतील वडील माणसांचा रक्तदाब नियमानें मोजावा.

दुसरी गोष्ट अदबीची. जो बोलूं शकत नाहीं त्यास समजत नाहीं, असें कधींहि धरून चालूं नये.

गेल्या महिन्यांत आम्ही पुन्हा कऱ्हाडास गेलों होतों. अण्णा आतां 'पाणी', 'बस', 'ये' असे कांहीं शब्द आणि दोन नातवंडांचीं नांवें उच्चारतात. वाटणीचा कागद कोणीं तरी तयार करून आणिला होता. या वेळीं तो त्यांच्या उशाशीं न वाचतां त्यांच्यापुढें ठेवून, सावकाश वाचून दाखविला. शेवटपर्यंत त्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें. मग डाव्या हातानें कागद बाजूस सारला, आणि साऱ्या माजघरास ऐकूं जाईल असा एकच शब्द म्हणाले, 'नको.'