छोट्या शिशूला गिरवायला बसवू नका

पालकहो, आजी-आजोबांनो आणि बालवाडीच्या ताईंनो,

बालवर्गाच्या प्रवेशाचे दिवस आले आहेत. अर्जाची मुदत थोडी असते, सोसायटीतल्या चारजणांनी भरला म्हणून आपणही भरतो, आणि मुलाची पुढची तीन वर्षं कशी जाणार हे एका संध्याकाळी ठरून जातं. म्हणून हे सांगायची घाई. साडेतीन वर्षांचं मूल वर्ष संपता संपता एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे वहीत लिहून दाखवील, असं जी शाळा अभिमानाने सांगते, तिचा अर्ज भरू नका. भरून झाला असेल, तर निदान रोज रात्री जेवणाआधी त्या वहीवरून घरात रडारड होऊ देऊ नका.

आधी हाताचं पाहू. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी त्यांच्या जागी नुसती कूर्चा असते. हाड एकेक करून, वर्षानुवर्षं तयार होत जातं. तिसऱ्या वर्षी त्यांतली जेमतेम तीन-चार दिसू लागलेली असतात, आणि शेवटचं यायला नववं, कधीकधी बारावं वर्षही उजाडतं. केवळ हाडांमुळे लिहिणं अडतं असं नाही. बोटांचे बारीक स्नायू, खांद्याची ताकद, डोळा आणि हात यांचा मेळ हे सगळं त्याच सुमारास जुळत असतं. ते जुळतं माती मळताना, मटार सोलताना, झोपाळ्याची दोरी घट्ट धरताना. रेघोट्या मारायला खडू जरूर द्या. दोन ओळींच्या मध्ये अक्षर बसवायला लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

‘लवकर सुरुवात केली की मूल पुढे जातं’ हा शाळांचा हुकमी एक्का. अर्नॉल्ड गेझेल या अमेरिकन संशोधकाने हेच तपासलं होतं. 1929 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात दोन जुळ्या बहिणी होत्या. एकीला 46 व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायचा सराव दिला. दुसरीला काहीच शिकवलं नाही; 53 व्या आठवड्यापासून तिला फक्त दोन आठवडे सराव दिला, आणि ती पहिलीच्या बरोबरीला आली. एका जोडीवरून सगळं सिद्ध होत नाही, आणि जिना चढणं म्हणजे लिहिणंही नव्हे. पण तयारी नसताना घेतलेले कष्ट बरेचदा वाया जातात, हे कुठल्याही जुन्या बालवाडीताईला विचारा.

आता एक गोष्ट घरीच करून पाहा. चार वर्षांच्या मुलासमोर दोन सारखे पेले ठेवा, दोन्हींत सारखंच ताक ओता. ‘सारखं आहे ना?’ मूल हो म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं ताक उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, जास्त कुठे? बहुतेक मुलं बेधडक उंच ग्लास दाखवतात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने अशाच प्रश्नांतून दाखवून दिलं की या वयाचं मूल कमी बुद्धीचं नसतं, त्याच्या विचाराची रीतच वेगळी असते. त्याची नजर उंचीवर खिळते आणि रुंदी निसटते. पाच बटणं लांब-लांब मांडली की त्याला ती ‘जास्त’ वाटतात. अशा मुलाने पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत आकडे म्हटले, तर ते पाठांतर झालं. संख्या अजून यायची आहे. पियाजेच्या टप्प्यांची वयं काही रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. प्रश्न मुलाला उमगेल असा विचारला तर ते बरंच आधी बरोबर उत्तर देतं, हे मार्गारेट डोनाल्डसनसारख्या पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. आपलं काम त्यामुळे सोपंच होतं: वही मिटा, बटणं काढा.

म्हणजे मुलाला मोकाट सोडायचं का? मुळीच नाही. पियाजेच्याच वर्षी, 1896 मध्ये जन्मलेला रशियन अभ्यासक लेव्ह वायगोत्स्की सांगतो की मूल एकट्याने जे करतं त्याच्या एक पायरी पुढचं ते जाणत्या माणसाच्या सोबतीने करू शकतं, आणि शिकवायचं ते त्या पायरीवर. खेळात तर ते आपणहून वरच्या पायरीवर उभं राहतं. भातुकली जवळून पाहा. खरे चुरमुरे ‘भात’ म्हणून वाढलेले असतात, हात शिवशिवत असतो, तरी पाहुणे ‘जेवायला’ बसेपर्यंत मूल ते तोंडात टाकत नाही. एरवी खाऊचा डबा दिसला की धीर न धरणारं हेच पोर! स्वतःला आवरायची ही ताकद ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करून येत नाही.

यात परदेशातून आणलेलं नवं खूळ काही नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत राहिल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शिंपले, पानं, बिया, खडे हीच त्यांची साधनं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज पंचतारांकित फी घेणाऱ्या किती बालवर्गांत मुलाला वाळूत हात घालायला मिळतो?

ताईंना दोष देऊन चालणार नाही. बऱ्याच जणींना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पण संस्थाचालक म्हणतात, पालकांना वही हवी असते. आणि ते खोटं नाही. पालकसभेत ‘काय लिहिलं?’ असं विचारणारे आपणच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय 3 ते 8 हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. ताईंनो, तो कागद चालकांपुढे ठेवा.

पालकांनी एवढंच करावं. अर्ज भरण्याआधी शाळा चालू असताना तासभर वर्गात बसू द्या, असा आग्रह धरा. मुलं जमिनीवर किती वेळ असतात, आपसांत बोलतात का, घरच्या भाषेत बोलली तर ताई रागावतात का, हे पाहा. नकार मिळाला तर तेही उत्तरच समजा. प्रवेश आधीच झाला असेल, तर वर्गातले चार-पाच पालक मिळून मुख्याध्यापकांना एक साधं पत्र द्या: बालवर्गाला घरचा अभ्यास नको, लेखनाची परीक्षा नको. एकट्याचं पत्र फायलीत जातं. पाच सह्या असल्या की निदान भेटीला बोलावतात. पत्र याच आठवड्यात द्या, पुढच्या वर्षीच्या वह्यांची मागणी जायच्या आत.