गाणी लावा म्हणे!

मंडळी, एक्सप्रेसवेवर ८० च्या पुढे दार शिट्टी मारतं अशी तक्रार करून पाहा. उत्तर ठरलेलं: "सगळ्याच गाड्यांना येतो, गाणी लावा." नाहीतर दारात डॅम्पिंग शीट बसवायचा महागडा सल्ला. अहो, शीट पत्र्याची थरथर मारते, फटीतला वारा नाही! वेगात बाहेरचा दाब कमी होतो, दाराची चौकट किंचित बाहेर ओढली जाते, रबर सुटतं. फटीवर मास्किंग टेप लावून त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जा. आवाज थांबला? मग टेप थोडी थोडी काढत जा, जागा सापडते. तिथे दारात कागद धरून ओढा. सहज निघाला तर रबर दबत नाहीये. पुष्कळदा लॉकचा स्ट्रायकर जरासा आत घेतला की भागतं. पण एवढ्याचं बिल ते किती करणार?