गॅरेजमधील गप्पा आणि कमरेचा कट्टा
मराठवाड्यातील वाहनशौकाचे बदलते रूप. नांदेड-लातूरमधील घटनांच्या निमित्ताने

नांदेड/लातूर - पाच एप्रिल २०२२ ची सकाळ. नांदेड शहरातील बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी शारदानगरमधील आपल्या घरासमोर मोटारीतून उतरले आणि दुचाकीवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. उपचारादरम्यान त्यांचा मृत्यू झाला. त्याआधी जून २०१८ मध्ये लातुरात खासगी शिकवणी वर्गाचे संचालक अविनाश चव्हाण मध्यरात्री मोटारीने घरी परतत असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली होती. एका घटनेमागे खंडणीचे जाळे असल्याचे तपासात पुढे आले, तर दुसरीत व्यावसायिक वैमनस्यातून सुपारी दिली गेल्याचे. दोन्ही घटनांनी या दोन शांत मानल्या जाणाऱ्या शहरांना एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली. पिस्तूल ही आता मुंबईच्या टोळ्यांपुरती मर्यादित वस्तू राहिलेली नाही.

या दोन शहरांत मोटारींचा शौक असलेल्या तरुणांची बैठक बहुधा गॅरेजच्या कट्ट्यावर जमते. गप्पा सुरू होतात त्या दुरुस्तीवरून. कोणत्या गाडीचा टर्बो लवकर जातो, सस्पेन्शनला कंपनीचा माल घालावा की लोकल, क्लच प्लेट किती किलोमीटर चालते, रुंद टायर घातले तर मायलेज किती पडते, या विषयांना अंत नसतो. पुढे चर्चा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, काळ्या काचा, पुढचा लोखंडी गार्ड आणि "दादा" नंबरकडे वळते. अलीकडच्या काळात या मालिकेच्या शेवटी आणखी एक वस्तू येऊ लागली आहे. तिला कोणी "घोडा" म्हणतो, कोणी "सामान". "ओरिजिनल की लोकल" हा प्रश्न सुट्या भागाइतक्याच सहजतेने तिच्याबाबतही विचारला जातो, ही चिंतेची बाब होय.

शौकाची दुसरी बाजू

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. वाहनाची आवड आणि गुन्हेगारी यांचा थेट संबंध जोडणे अन्यायाचे ठरेल. मराठवाड्यात खासगी गॅरेज ही गरज आहे. किनवट, मुखेड, निलंगा किंवा उदगीरच्या शेतकऱ्याला गाडीच्या प्रत्येक खुळखुळाटासाठी जिल्ह्याच्या ठिकाणचे अधिकृत सेवा केंद्र गाठणे परवडत नाही. हमीची मुदत संपली की गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडेच जाते. केवळ आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखणारे उस्ताद येथे आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकून पोट भरणारी मुलेही आहेत.

बाजारातील पर्यायी सुट्या भागांना ग्राहक मिळतो, त्यामागे कंपन्यांचे धोरणही आहे. मूळ सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण अपिलांच्या फेऱ्यात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने "दुरुस्तीचा हक्क" या संकल्पनेसाठी संकेतस्थळ सुरू केले. मात्र मूळ भाग महाग व दुर्मिळ असेपर्यंत "डुप्लिकेट" मालाची चलती राहणार, हे उघड आहे.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणलेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवलेली बंदी हाही या बाजाराला हातभार लावणारा घटक ठरला. तेथील जुन्या, दणकट डिझेल गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत कमी किमतीत विकल्या जाऊ लागल्या. नव्या गाडीचा हप्ता न झेपणाऱ्या तरुणाला मोठी गाडी आवाक्यात आली. गाडी स्वस्त मिळाली की उरलेला पैसा तिच्या रूपावर खर्च होतो.

बदल कोठपर्यंत?

कायदा याबाबत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. मान्यताप्राप्त सीएनजी संच बसविण्यासारख्या बदलांना मुभा आहे. पण त्याची नोंद परिवहन कार्यालयात व्हावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. सुरक्षिततेशी निगडित निकृष्ट सुटा भाग विकणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

काळ्या काचांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, असा नियम आहे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म लावण्यास सरसकट मनाई केली. पुढे नियमांत बदल झाला आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा पाळणाऱ्या फिल्मवर कारवाई करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. गल्लीबोळांतून फिरणाऱ्या गाड्यांच्या पूर्ण काळ्या काचा मात्र कोणत्याही व्याख्येत बसत नाहीत. आत कोण बसले आहे हे बाहेर कळू नये, हाच त्यांचा हेतू असतो.

लोखंडी गार्डची कथाही अशीच. अपघातात आघाताचा जोर शोषून घेण्यासाठी गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा बनविलेला असतो. गार्ड लावल्यास तो जोर थेट चासीवर जातो, एअरबॅग उघडण्याच्या वेळेवर परिणाम होऊ शकतो आणि समोरच्या पादचाऱ्याची गत तर विचारायलाच नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना याविरुद्ध कारवाईच्या सूचना दिल्या होत्या. साध्या वायरिंगवर जादा वॅटचे दिवे लावल्याने होल्डर वितळणे, प्रसंगी गाडी पेटणे, हे प्रकार गॅरेजवाल्यांना नवे नाहीत. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपण्याचा अनुभव प्रत्येक वाहनचालकाच्या पदरी आहे. अपघात झालाच, तर विमा कंपनीला न कळविलेला बदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो, याची जाणीव गाडी सजविताना क्वचितच असते.

आणि नंबर प्लेट! एमएच २६ असो वा एमएच २४, ४१४१ हे आकडे वळवून "दादा" आणि २१४ मधून "राम" लिहिण्याची हौस जुनी आहे. वाहनाची ओळख पटविणे हे ज्या पाटीचे काम, तीच पाटी ओळख लपविण्याच्या कामी येते.

परवाना आणि प्रतिष्ठा

लोखंडी गार्ड, काळी काच आणि न वाचता येणारी पाटी या तिन्हींतून समोरच्याला एकच संदेश जातो, "आडवे येऊ नका." या वृत्तीला पुढची पायरी सापडते ती शस्त्रात. गाडीच्या बॉनेटवर पिस्तूल ठेवून काढलेले छायाचित्र, वाढदिवसाला हवेत केलेला गोळीबार, त्याची चित्रफीत आणि मग पोलिसांची कारवाई, हा क्रम मराठवाड्यात आता परिचयाचा झाला आहे.

शेजारच्या बीड जिल्ह्याने याचे टोक पाहिले. नऊ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची बाब राज्यभर गाजली. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याचे समोर आले आणि प्रशासनाला ते रद्द करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. परवाना ही संरक्षणाची सोय न राहता प्रतिष्ठेची निशाणी झाल्यावर याहून वेगळे काय होणार?

नांदेड व लातूर येथे पोलिस आयुक्तालय नाही. त्यामुळे परवान्याचा निर्णय पोलिसांच्या अहवालावरून जिल्हाधिकारी घेतात. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. आनंदोत्सवात बेदरकार गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बेकायदा शस्त्रनिर्मिती वा विक्रीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

व्यापाऱ्यांची भीती खरी आहे, हे नाकारता येणार नाही. बियाणी प्रकरणात ज्याचे नाव पुढे आले, तो हरविंदरसिंग ऊर्फ रिंदा याला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहशतवादी म्हणून घोषित केले. सीमेपलीकडून हलविल्या जाणाऱ्या दोऱ्या नांदेडच्या बाजारपेठेपर्यंत पोचत असतील, तर एखाद्या व्यावसायिकाला पिस्तुलाचा परवाना हवासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोटारीतून उतरणाऱ्या माणसावर मागून अचानक होणाऱ्या हल्ल्यात कमरेचे पिस्तूल उपयोगी पडण्याची शक्यता किती? उलट घरातील शस्त्र घरच्यांसाठीच धोक्याचे ठरू शकते. एप्रिल २०२५ मध्ये लातूर महापालिकेचे तत्कालीन आयुक्त आपल्या निवासस्थानी पिस्तुलाची गोळी लागून गंभीर जखमी झाले होते. तातडीच्या उपचारांमुळे त्यांचे प्राण वाचले. संकटाच्या एका क्षणी शस्त्र हाताशी असणे किती महागात पडू शकते, याची ती आठवण होती.

भंगारातून बंदूक

परवान्याच्या वाटेने न जाणाऱ्यांसाठी गावठी कट्ट्याची वाट आहे. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या अनेक कट्ट्यांचा माग मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातील उमरटीपर्यंत लागतो. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले हे गाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईस गेलेल्या जळगाव पोलिसांच्या पथकावर हल्ला झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी मोठा छापा घालून तेथील भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. देशाच्या अनेक भागांत असे कट्टे भंगारातील वाहनांच्या स्टिअरिंगच्या नळ्यांपासून बनविले जात असल्याचे पोलिस तपासांत वेळोवेळी उघड झाले आहे. ज्या भागाने गाडीला वळण द्यायचे, त्याचीच पुढे नळी होते.

असा कट्टा बाळगणाऱ्याला आपण शस्त्र घेतले असे वाटते. वस्तुतः तो बिनभरवशाचा सुटा भाग असतो. धातूची प्रत तपासलेली नसते, चाचणी झालेली नसते, आणि गोळी झाडताना नळी फुटून स्वतःचाच हात जायबंदी होण्याचा धोका असतो. बनावट ब्रेक पॅडप्रमाणेच त्याचा दोष ऐनवेळी कळतो. शिवाय विनापरवाना पिस्तूल केवळ जवळ सापडले, तरी दोन ते पाच वर्षांची कैद होऊ शकते. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या किंवा "लातूर पॅटर्न"च्या शिकवणीसाठी गाव सोडून आलेल्या मुलाच्या आयुष्यातून ही वर्षे वजा झाली, तर उरते काय?

कारवाईचा रोख

दोन्ही बाबतींत कारवाईचे स्वरूप सारखे आहे. मोहीम निघते, चौकात गाड्या अडविल्या जातात, सायलेन्सर जप्त होऊन त्यांच्यावर रोडरोलर फिरविला जातो, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. कट्टा सापडला की आरोपीला मध्ये उभे करून पथकाचे छायाचित्र निघते. हे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. सायलेन्सर विकणारे दुकान, फिल्म चढविणारा कारागीर, बनावट भागांचा घाऊक व्यापारी आणि कट्टा पोचविणारा मध्यस्थ यांच्यापर्यंत कायद्याचा हात गेला, तरच साखळी तुटेल. विक्रेत्याला शिक्षा करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे आणि शस्त्र कायद्यातही. प्रश्न तिच्या वापराचा आहे.

परिवहन कार्यालयानेही मंजूर बदलांची यादी मराठीत, सोप्या शब्दांत गॅरेजपर्यंत पोचवायला हवी. काय चालते आणि काय चालत नाही, हे आज मिस्त्रीलाच नीट ठाऊक नसते. जिल्हा प्रशासनाने शस्त्र परवान्यांचा आढावा निवडणुकीपुरता न घेता नियमितपणे घ्यावा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये सुरक्षित साठवणुकीची अट आहे; ती पाळली जाते का, हे नूतनीकरणाच्या वेळी तपासता येईल.

या सर्वांत गॅरेजच्या उस्तादाची भूमिका महत्त्वाची ठरू शकते. घरच्यांचे न ऐकणारी मुले त्याचे ऐकतात. "हा बल्ब लावू नको, वायरिंग जळेल," असे तो गिऱ्हाइकाला सांगतो, तेव्हा त्याचा धंदा थोडा कमी होतो. पण गाडी वाचते. कमरेला काही खोचून आलेल्या पोरालाही त्याच हक्काने दोन शब्द सुनावणारे कोणी तरी प्रत्येक कट्ट्यावर असावयास हवे. अन्यथा आज गाडीच्या मायलेजवर रंगणाऱ्या गप्पा उद्या जामिनाच्या तारखेवर येऊन थांबतील.