यंत्राच्या वहीत नसलेली माणसे

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आरोग्यसेवा गोरगरिबांच्या दारी नेण्याच्या कल्पनेने आज अनेक तरुण संशोधक विद्यार्थी भारले गेले आहेत. त्यांची हेटाळणी करण्याचे कारण नाही. क्षयरोगाच्या चाचपणीत छातीचे क्ष-किरण चित्र तज्ज्ञाऐवजी संगणकाने वाचण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. जेथे चित्र वाचणारा तज्ज्ञच नाही, तेथे हे साधन मोलाचे आहे.

परंतु यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून, आणि नोंदी कोणाच्या असतात? सोनईसारख्या साखर कारखान्याच्या गावी हंगामात ऊसतोडीची बिऱ्हाडे उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. म्हणजे हिशेबातही बाई स्वतंत्र नाही. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात फिरतात. म्हणून ती दुखणे अंगावर काढते, दवाखान्याची पायरी चढत नाही. नोंद नाही, तेव्हा यंत्राच्या लेखी ती ठणठणीत!

जेथे नोंद आहे तेथे तरी काय? बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली गाजले आणि शासनाला समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे यंत्रापुढे ठेवली, तर पोटदुखीवरचा उपाय म्हणून ते काय शिकेल?

अमेरिकेत हे घडून गेले आहे. रुग्णाची गरज ओळखण्यासाठी तेथील एका प्रणालीने त्याच्यावर झालेला खर्च ही फूटपट्टी लावली. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने तेवढेच आजारी असूनही ते मागे पडले, हे २०१९ च्या एका अभ्यासात दिसून आले. गरज आणि मागणी एक नव्हेत, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा. तो पुष्कळ अर्थशास्त्रज्ञही विसरतात, हा भाग वेगळा.

सोनईच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या अल्पशिक्षित, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. कोणत्या घरची बाई दुखणे लपवते हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा संशोधक विद्यार्थ्याने आधी वही घेऊन ऊसतोडीच्या तळावर जावे, आणि कार्यकर्त्यांनी त्याच्यासोबत जावे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन २०२५ पर्यंतसाठी दिले होते. ती मुदत टळून गेली. यंत्राने रोग ओळखला, तरी औषध देणारी परिचारिका त्या पैशातूनच यावयाची आहे.